खापर

तीन वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. ती किती लोकांनी वाचली हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. परंतु एका बाईंनी ती निश्चित वाचली, कारण त्यांचे पोस्टकार्ड माझ्याजवळ आहे. कादंबरी राष्ट्रकूटांच्या काळातली. कंधारच्या किल्ल्यावर रात्रीचा पहारा करणारा एक शिपाई पहाटे घरी येतो आणि बायकोने पुढे ठेवलेली ज्वारीची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खातो, असा एक प्रसंग मी मोठ्या प्रेमाने रंगवला होता. पोस्टकार्डावर नाव नव्हते, पत्ता नव्हता. शिक्का तेवढा उदगीरचा होता. तरी ते एखाद्या बाईंचे होते याविषयी मला शंका नाही. पुरुषाने तटबंदीच्या वर्णनातली चूक काढली असती. या पत्रात दोनच ओळी होत्या: "भाकरी छान झाली आहे. पण हजार वर्षांपूर्वी त्या बिचारीने मिरची आणली कोठून?"

वाचकहो, मी शाळामास्तर आहे. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, हे मी मुलांकडून घोकून घेतो. मिरची मूळची अमेरिकेची आणि ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली, हेही मला ठाऊक होते. ठाऊक होते, पण लिहिताना आठवले नाही. ज्याच्या काळात माझा शिपाई पहारा करत होता तो तिसरा कृष्ण राजा इ. स. ९३९ ते ९६७ या काळातला. म्हणजे साडेपाचशे वर्षांची चूक मी चिमूटभर ठेच्यात केली होती. शिपायाचा भाला, त्याचे शिरस्त्राण, खंदकावरचा पूल यांसाठी मी चार ग्रंथ चाळले होते. त्याच्या ताटाविषयी मात्र एकही पान उघडण्याची गरज मला वाटली नव्हती. ताट काय, आपल्याच घरातले!

त्या दिवसापासून आमच्या घरात एक पोरखेळ सुरू झाला. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एकेक डबा खाली घ्यायचा आणि विचारायचे, हा राष्ट्रकूटांच्या वेळी होता का? लाल तिखट गेले. हिरवी मिरची गेली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, तोही गेला. त्याच्याबरोबर दाण्याचे कूट आणि आमची शेंगदाण्याची चटणीही गेली. बटाटा, टोमॅटो, मका, पेरू गेले. आज लातूरच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. ते तर माझ्या आजोबांच्या तरुणपणीही आमच्या रानात नव्हते. "मग उरले काय, मीठ आणि पाणी?" बायकोने विचारले. उरले ते पुष्कळ होते. तूर, मूग, उडीद, हरभरा, कुळीथ, तीळ, जवस, गहू आणि तांदूळ, हळद, जिरे, आले, हिंग. तिखटाला मिरे आणि पिंपळी. आणि ज्वारी. पण तीही मूळची आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली आणि अशी रुजली की तिच्यावाचून मराठवाड्याची कल्पना करवत नाही. तिला कोणी परकी म्हणत नाही. मिरचीलाही म्हणत नाही. परके कोण आणि घरचे कोण, हा निवाडा जिभेने आमच्या विद्वानांपेक्षा पुष्कळ उदारपणे केलेला आहे.

त्याच वर्षी सहावीच्या मुलांची सहल घेऊन कंधारला गेलो. नांदेड जिल्ह्यातला हा भुईकोट किल्ला. भोवती खंदक, आत पडके वाडे, आणि गावाजवळ जगत्तुंग राजाच्या नावाने ओळखला जाणारा तो विस्तीर्ण तलाव. मी नेहमीप्रमाणे राष्ट्रकूटांपासून सुरुवात केली. आपल्याला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेणारे हे राजे. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे सांगून मुलांच्या छात्या जरा फुगवल्या. एक मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "सर, राजे सांगितले, बुरूज सांगितले. पण हे लोक जेवत काय होते?" पोस्टकार्ड आणि ही मुलगी यांचा काही कट असावा असे मला क्षणभर वाटले.

मॅट्रिकपुढे माझे पाऊल पडले नाही. संस्कृत मला अडखळतच वाचता येते. तरीही भाषांतरांचा आणि टीपांचा आधार घेत मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि कल्याणीला जाऊन पोहोचलो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि ते कर्नाटकात गेले, म्हणून आपण त्याला दूरचे समजतो. एरवी निलंग्याच्या माणसाला ते सोलापूरपेक्षा जवळ. तेथे बाराव्या शतकात चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. हत्ती, घोडे, रत्ने, शिकार, गायन, आणि त्यातच अन्नाचा उपभोग. बडोद्याच्या ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून छापला, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती लागला. इडलीची आजी त्यात आहे. पण ती नुसत्या उडदाची, तांदळाचा दाणा नसलेली. डोसा आहे, वडे आहेत, पुऱ्या आहेत. शेतातला उंदीर कसा भाजावा हेही राजा सांगतो. तेव्हा शाकाहाराच्या प्राचीनतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी हा ग्रंथ जरा जपून उघडावा. तिखटाला अर्थातच मिरे.

आणि त्यात मांडे आहेत. गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, जात्यावर दळून चाळून घ्यावेत. पिठाला तूप आणि किंचित मीठ लावून ते मळावे, गोळे करावेत, हातांनी ते पसरत न्यावेत आणि तापलेल्या खापरावर टाकावेत. राजाने सांगितलेली कृती ही एवढीच.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण ही कृती मी पाहिली होती.

औसा तालुक्यात आमचे मूळ गाव. आजीचे माहेर निलंग्याच्या पलीकडे, कल्याणीच्या अंगाला. मांडे ती तिकडून घेऊन आली होती. माझ्या आठवणीत तिचे खांदे धरलेले होते, हात वर जात नव्हते; म्हणून मांडे करायच्या त्या काकू. आजी चुलीशेजारी बसून नुसती नजर ठेवायची. चुलीवर मोठे खापर पालथे घातलेले. काकू तिंबलेल्या कणकेचा गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकायच्या. बघता बघता त्याचा रुमाल व्हायचा, मग उपरणे, आणि शेवटी तो इतका पातळ व्हायचा की त्यातून जाळ दिसायचा. खापरावर पडला की क्षणात डाग धरायचा. कडक होण्याआधी घडी घालायची. आम्ही पोरे दुधात कुस्करून खायचो आणि आणखी मागायचो. मनातले मांडे खायची वेळ तेव्हा आमच्यावर आली नव्हती.

यातली किमया काय, हे मला पुढे विज्ञान शिकवण्याची पाळी आली तेव्हा कळले. (लहान शाळेत मास्तरला सगळेच शिकवावे लागते.) गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळत राहिले की त्यातली प्रथिने एकमेकांना धरून एक जाळे विणतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. मांड्याचा ताण हे जाळे सहन करते. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीच्या पिठात आधणाचे पाणी ओतावे लागते. उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुगते, चिकट होते आणि पीठ थापण्याजोगे एकजीव होते. तव्यावर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा उचलून धरते. भाकरी फुगते ती अशी. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, असे आजी म्हणायची, आणि काठवटीत हात घालताच तिला ते कळायचे. खापराचेही तसेच. लोखंडातून उष्णता झटकन येते, मातीतून ती सावकाश आणि सारखी येते; कागदासारखा मांडा करपत नाही. पालथ्या गोलावर तो स्वतःच्याच वजनाने ताणून बसतो, त्याला सुरकुती पडत नाही. आजीला प्रथिन हा शब्द ठाऊक नव्हता, सोमेश्वरालाही नव्हता. पण आठ-नऊशे वर्षे हा प्रयोग चुकला नाही, कारण तो एका बाईने दुसरीच्या हातात ठेवला होता.

सोमेश्वराने आणखी एक नोंद केली आहे, तिच्याबद्दल मी त्याला हत्ती-घोड्यांचे सगळे अध्याय माफ करतो. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, असे तो सांगतो. कानडी मुलखातला राजा, संस्कृतात लिहिणारा. पण मुसळाच्या ठेक्यावरची मराठी ओवी त्याच्या कानावर पडली आणि त्याने ती टिपली. गाणारणींची नावे अर्थातच कोठे नाहीत.

खापराचे महत्त्व आपल्या लोकांना मात्र विद्वानांच्या आधीपासून ठाऊक होते. ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले, ही कथा महाराष्ट्रातले शेंबडे पोरही सांगेल. ती घडली की नाही, या वादात मला पडायचे नाही. मला त्या कथेचा आरंभ महत्त्वाचा वाटतो. मुक्ताबाई खापर आणायला कुंभारवाड्यात जाते आणि विसोबा चाटी कुंभारांना दटावतो, की या संन्याशाच्या पोरांना खापर देऊ नका. एखाद्या घराला वाळीत टाकायचे तर त्याच्यावर शस्त्र उगारावे लागत नाही. त्याचे खापर बंद केले की पुरे. धर्मशास्त्राचे निर्णय शेवटी चुलीपाशी अमलात येत. हाच विसोबा पुढे विसोबा खेचर झाला आणि औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात नामदेवांना गुरू म्हणून भेटला, असे परंपरा सांगते. औंढा नांदेडपासून फार लांब नाही. तेथे गेलो की मला पिंडीआधी ते नाकारलेले खापर आठवते.

आमच्याही घरी याहून निराळे नव्हते. आमचे खापर घडवणारी कुंभारीण ते डोक्यावर घेऊन यायची. आजी बोट वाजवून नाद तपासायची आणि पदरात जोंधळे घालायची. त्याच खापरावरचे मांडे लग्नात वाढले जात तेव्हा तिची पंगत वेगळी आणि शेवटची. आजी माझी फार लाडकी होती, पण हे लिहिले नाही तर मी पुन्हा ठेच्यासारखीच चूक करीन.

'पंगत' हाच शब्द नांदेडला गुरुद्वाऱ्यात ऐकला तेव्हा मी चमकलो होतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला. पुढे पंजाबच्या रणजितसिंहाने १८३२ ते १८३७ या काळात गोदाकाठी सचखंडाची वास्तू उभी केली. मुले ती सोनेरी झळाळी बघत होती. मी लंगरात बसलो होतो. शब्द तोच, जमिनीवर बसायची रीत तीच. फक्त शेजारी कोण बसले आहे हे कोणी विचारत नव्हते. माझ्या उजव्या हाताला माझाच एक विद्यार्थी होता. त्याच्या आजोबांना आमच्या गावच्या कोणत्याही पंगतीत जागा नव्हती. पोरगा निवांत दुसरी पोळी मागत होता.

उदगीरचा किल्लाही मी मुलांना दाखवतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी तेथे सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. त्याच भाऊंची फौज वर्ष पुरे होण्याआत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर उपाशीपोटी लढायला निघाली. तलवारी आम्ही संग्रहालयात ठेवतो. त्या उपासाला ठेवायला जागा नाही.

आता मला त्या गोष्टीकडे आले पाहिजे, जी मी आजवर एकाही कादंबरीत लिहिलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. मी सातवीत होतो. आईवडील लातूरला आणि मी सणासाठी गावी आलेला. आजीला दम्याने झोप येत नव्हती म्हणून ती अंगणात बाजेवर बसली होती आणि मी तिच्या पायथ्याशी निजलो होतो. काका पहाटपाळीच्या पाण्यासाठी शेतात गेले होते. काकू आत होत्या. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. काकू त्यांतल्या एक.

आमची घरे माळवदाची. दगड मातीत बसवलेल्या रुंद भिंती, वर लाकडे आणि मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पावसाळ्यात गळू नये म्हणून आजोबा दरवर्षी माळवदावर मातीचा नवा थर द्यायचे आणि दरवर्षी ते अधिक जड होत जायचे. भूकंपाने धक्का दिला. माणसे मेली ती या वजनाखाली. हे मी पुढे वाचले. तेव्हा एवढेच कळत होते की घराच्या जागी मातीचा ढीग आहे आणि त्यावर काका हातांनी उकरत आहेत.

ट्रकांतून पाव आले, पुऱ्या आल्या. आजीने त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने तीन दगड मांडले आणि मला म्हणाली, "बाबा, बघ तरी, तवा घावतोय का." मी ढिगात हात घातला. तवा सापडला नाही. उतरंडीचा चुरा सापडला, आणि खापऱ्या सापडू लागल्या, काळ्या, तांबड्या, जाड, पातळ. काही आमच्या खापराच्या होत्या, ते काजळीवरून कळत होते. पण काही खापऱ्या अशा होत्या की तसले भांडे मी आमच्या घरात कधी पाहिले नव्हते. चकचकीत, पातळ, एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने लाल. त्या कोठून आल्या हे मला समजेना. आजीने त्यातले आमच्या खापराचे एक मोठे ठिकूर उचलले, पुसले आणि जाळावर ठेवले. त्यावर तिने भाकरी टाकली. काकांनी ती खाल्ली नाही. मी खाल्ली, हे मला अजून आठवते.

त्या परक्या खापऱ्यांचे कोडे पुष्कळ वर्षांनी तेरला उलगडले. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातला एक ग्रीक नावाडी लिहितो, की तगरचे सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. आज हे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ पर्यंत आमचे लातूरही त्याच जिल्ह्यात होते. १९५८ साली तेथे उत्खनन झाले. लामतुरे यांच्या नावाने तेथे जे संग्रहालय आहे, त्यात लोक हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायला गर्दी करतात. मी एका कपाटापाशी थबकलो. काचेआड खापऱ्या होत्या. एका बाजूने काळ्या, दुसऱ्या बाजूने लाल. खाली चिठ्ठी: सातवाहनकालीन.

आमच्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंती आणि फुटकी मडकी मुरून झालेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती ती पांढरी माती. माळवदावर टाकायला हीच माती चांगली, म्हणून गावोगावचे लोक ती खणून आणतात. आमचे आजोबाही आणायचे. तिच्यातून दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा घरच्या खापऱ्या आमच्या छपरावर चढल्या होत्या, आणि त्या पहाटे काकूंच्या खापराबरोबर खाली आल्या. कोणती खापरी कोणाची, हे सातवीतल्या पोराला निवडता येत नव्हते.

संग्रहालयाच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो. पहारेकऱ्याने येऊन पाणी विचारले.

गाव पुढे दुसरीकडे वसले. काँक्रीटची घरे आली, गॅस आला. आजी आणखी आठ वर्षे जगली. त्यात तिने मांड्यांचे नाव काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. विचारायला हवे होते. कृती तिच्या डोक्यात होती, आणि हात शिकवायला कोणी नसले तरी तोंड सांगू शकले असते. मी तेव्हा राजांच्या सनावळ्या पाठ करत होतो.

यंदा दसऱ्याच्या आधी आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या कुंभाराकडे मी खापर मागितले. "मास्तर, कशाला? झाडं लावायला?" त्याने विचारले. मी सांगितले तेव्हा तो हसला नाही. पंधरा दिवसांनी या म्हणाला, आणि खरोखर करून ठेवले. पैसे घेताना त्याने स्वतःच बोटाने वाजवून मला नाद ऐकवला.

अंगणात विटांची चूल मांडली. बायकोने सोमेश्वराच्या पद्धतीने गहू धुऊन वाळवून दळून आणले होते. पहिला मांडा हातातच फाटला. दुसरा खापरावर पडून गोळा झाला. माझी आई खुर्चीवर बसून बघत होती. तिला मांडे कधीच येत नव्हते, धाकटी सून म्हणून ती नेहमी वाढायला असायची. तिसरा फाटला तेव्हा ती एकदम म्हणाली, "अगं थांब. जाऊबाई आधी बांगड्या पार कोपरापर्यंत चढवायच्या आणि वरून चिंधी बांधायच्या. बांगडी टोचली की फाटतो तो."

बायकोने बांगड्या वर सारल्या. आईने आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि उठून, गुडघे दुखत असतानाही, तिच्या दोन्ही हातांना स्वतः बांधली. चौथा मांडा एकाच ठिकाणी फाटला. मुलांनी तो दुधात कुस्करून खाल्ला आणि आणखी मागितला.